भय कशाचं आणि कुणाचं? महोत्सवातले नवे भयपट पाहताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो स्वतः आता निवृत्तीला आलाय. म्हणाला, "सर, तुम्ही आयुष्यभर भूत नाही, भानामती नाही, करणी नाही असं सांगत आलात. आणि आता भयपटांवर बोलणार? शिवाय तुम्ही ते रांगेत उभं राहून बघता म्हणे." बघतो. पुण्याच्या महोत्सवाला सकाळची हुतात्मा धरून जातो, गोव्याला जमलं तर गोव्याला जातो, आणि कार्यक्रमपत्रिकेत भयपट दिसला की त्याच्यापुढे खूण करतो. तर त्याचा हा प्रश्नच मी आज विषय म्हणून घेतो, कारण तो दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक जुना, तत्त्वज्ञानातला: भीती ही दुःखद गोष्ट आहे, ती टाळण्यासाठी माणूस पळतो. मग तीच भीती मिळावी म्हणून तो तिकीट काढून अंधारात का बसतो? दुसरा आपल्या गावातला, आजचा: ज्या समाजात अजूनही एखाद्या बाईला चेटकीण ठरवून मारहाण होते, तिथे भुताचे सिनेमे दाखवणं हे आगीत तेल ओतणं नाही का? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण पहिल्यातून गेल्याशिवाय त्याच्याकडे जाता येत नाही.

आधी महोत्सवात नेमकं काय घडतं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी भयपट घरी टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहिलेला असणार. महोत्सव म्हटलं की गंभीर, संथ, डोळ्यांत पाणी आणणारे सिनेमे, अशी आपली समजूत. भयपट त्यात पाहुण्यासारखा येतो. मुंबईच्या मामि महोत्सवात 'आफ्टर डार्क' नावाचा खास विभाग ठेवलेला असायचा. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सिट्जेस या समुद्रकाठच्या गावात तर १९६८ पासून अद्भुत आणि भय यांनाच वाहिलेला महोत्सव भरतो. आपल्याकडे मात्र भयपट इतर सिनेमांच्या गर्दीत शोधावा लागतो. आणि लघुपट असतील तर ते एकेकटे दाखवत नाहीत, सहा-सात एकत्र बांधून दीडेक तासाचा एक खेळ करतात. मध्ये दिवे लागत नाहीत. एक संपला, नावं वर सरकली, की दुसरा सुरू.

आता या लघुपटवाल्याची अडचण बघा. त्याच्या हातात पाच मिनिटं, दहा मिनिटं. एवढ्यात माणसं उभी करायची, घर दाखवायचं आणि घाबरवायचं. डेव्हिड सँडबर्ग नावाच्या स्वीडिश तरुणानं २०१३ मध्ये 'लाइट्स आउट' नावाचा तीन मिनिटांपेक्षाही छोटा लघुपट केला. घरातच केला, बायकोला उभं करून केला. बाई झोपायला निघालीय, दिवा बंद केला की दाराशी कुणीतरी दिसतं, लावला की नाहीसं होतं. बस्स, एवढंच. गोष्ट नाही, कारण नाही, ते कोण आहे हे नाही. पण आपल्यातल्या प्रत्येकानं लहानपणी दिव्याच्या बटनावर हात ठेवून जो क्षणभर विचार केलेला असतो, त्यावर त्यानं नेमकं बोट ठेवलं. तो लघुपट जगभर पसरला आणि २०१६ मध्ये त्याचा हॉलीवूडनं पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंटचंही तसंच. २००५ मध्ये 'मॉन्स्टर' हा लघुपट, आणि त्याच बीजातून पुढे 'द बाबाडूक', जो २०१४ च्या सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. म्हणजे भयाच्या क्षेत्रात लघुपट ही तालीम आहे. तरुण पोरं तिथे हात साफ करून घेतात.

पण असे सहा-सात लघुपट सलग पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्यात दचकलात. दुसऱ्यातही दचकलात. तिसऱ्यात संगीत थांबलं की तुम्ही खांदे आवळून तयारच बसता, आता काहीतरी येणार. चौथ्यात ते येतं आणि सभागृह हसतं. मनापासून हसतं. मी हे अनेकदा पाहिलंय, आणि दिग्दर्शक जर सभागृहात मागे उभा असेल तर त्याचा चेहराही पाहिलाय. लोक का हसले? सिनेमा वाईट होता म्हणून नेहमीच नाही. दचकणं ही शरीराची गोष्ट आहे. दचकून झाल्यावर काही झालं नाही हे कळलं, की अंगातला ताण कुठूनतरी बाहेर पडतो, आणि शेजारच्याकडे बघून आपण हसतो.

याची तुलना मला गड्ड्याशी करावीशी वाटते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा भरतो, हे तुम्हांला सांगायला नको. पुण्याचा महोत्सवही बऱ्याचदा जानेवारीतच येतो, त्यामुळे एकाच आठवड्यात माझे दोन्ही होतात. (त्या महोत्सवाचे सूत्रधार जब्बार पटेल आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी, हेही जाता जाता सांगून टाकतो. सोलापूरकरानं ही संधी सोडू नये.) तर गड्ड्यात आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, पोरं किंचाळतात आणि खाली उतरली की पुन्हा तिकिटाच्या रांगेत लागतात. ही भीती खोटी नाही, पण तिला आशय नाही. ती कशाबद्दलची नाही. बहुतेक नवे भय-लघुपट हे आकाशपाळणे आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही, आकाशपाळणा ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाळण्यातून उतरल्यावर तुमच्याबरोबर घरी काही येत नाही.

आता भरताकडे जाऊ. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचं विवेचन आहे आणि तिथे भरत भयाचे तीन प्रकार करतो. पहिलं व्याजातून येणारं, म्हणजे बतावणीचं, सोंगाचं. दुसरं अपराधातून येणारं. आणि तिसरं वित्रासातून, म्हणजे एकाएकी दचकवण्यातून येणारं. हे वाचताना मला नेहमी वाटतं, या माणसानं महोत्सवातला लघुपटांचा खेळ पाहिला असावा. तिसरा प्रकार म्हणजे आपला आकाशपाळणा. पहिला म्हणजे भयपटाची टिंगल करणारा भयपट. महेश कोठारे यांचे 'झपाटलेला' आणि 'पछाडलेला' तुम्हांला आठवत असतील, सगळा महाराष्ट्र तात्या विंचूला भ्यायला आणि त्याच्यावर हसला. पण मधला प्रकार, अपराधातून येणारं भय, तो विलक्षण आहे. भुताचं नाव नाही, आवाजाचं नाव नाही. काहीतरी केलेलं आहे, आणि म्हणून भीती आहे.

भरताचं सगळंच मला पटतं असं नाही. भय हा स्थायीभाव तो स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या माणसांच्या खात्यावर टाकतो. थोरामोठ्यांनी भ्यायचं ते गुरूला किंवा राजाला, तेही विनय म्हणून. हे त्याच्या काळाचं झालं. पण त्यानं केलेली विभागणी पक्की आहे, आणि तिचा उपयोग आपण त्याच्याच विरुद्ध करून घेणार आहोत.

त्याआधी पहिला प्रश्न. भीती हवीशी का वाटते? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं दिलं. रस म्हणजे काय हे समजावताना उदाहरणाला तो काय घेतो, सांगा बरं? शृंगार घेईल असं वाटतं. नाही. तो भय घेतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ मागे लागलेला आहे आणि हरिण मान वळवून वळवून मागे बघत पळतंय. ते हरिण भ्यालेलं आहे. प्रेक्षक हे बघतो तेव्हा त्याच्या मनात काय होतं? अभिनवगुप्त म्हणतो, 'मी भ्यालो आहे' असं त्याला वाटत नाही, कारण तसं वाटलं असतं तर तो उठून पळाला असता. 'ते हरिण भ्यालंय, माझा काय संबंध' असंही वाटत नाही, कारण मग तो जांभई देत बसला असता. हा शत्रू, हा मित्र, हा तिऱ्हाईत, असले सगळे हिशेब गळून पडतात. कुणाचं म्हणून नसलेलं, एखाद्या स्थळकाळाला न बांधलेलं नुसतं भय त्याच्यापुढे उभं राहतं. जणू डोळ्यांसमोर फिरत असतं. यालाच साधारणीकरण म्हणतात. परीक्षेत याच्यावर दहा गुणांचा प्रश्न येत असे आणि मुलं पाठ करून लिहीत. पाठ केल्यानं ते कळत नाही. अंधारात तीनशे माणसांबरोबर बसल्यावर कळतं.

पश्चिमेकडे हा प्रश्न फार उशिरा आणि जरा वेगळ्या वाटेनं आला. केंडल वॉल्टन या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७८ मध्ये एक निबंध लिहिला. चार्ल्स नावाचा माणूस सिनेमा पाहतोय, पडद्यावर हिरवा चिकट गोळा थेट त्याच्या दिशेनं सरकतोय, चार्ल्स खुर्चीचे हात घट्ट धरून किंचाळतो. तो खरोखर भ्यालाय का? वॉल्टन म्हणतो, नाही, ही खरी भीती नव्हे, भीतीसारखं काहीतरी आहे. लहान मूल बाबा राक्षस झाल्यावर किंचाळत पळतं ना, तशातला खेळ. हे उत्तर हुशारीचं आहे, पण त्यात चार्ल्स एकटा बसलेला आहे. अभिनवगुप्ताचा प्रेक्षक एकटा नाही. त्याच्या लेखी सभेतल्या सगळ्यांची प्रतीती एकरूप होते आणि त्यानं रस वाढतो. म्हणून मी म्हणतो, भयपट मोबाईलवर कानात बोंडं घालून बघू नका. तिथे तुम्ही चार्ल्स असता. मला आठवतं, भागवतच्या थिएटरात रामसे बंधूंचे सिनेमे लागत, 'पुराना मंदिर' वगैरे. सिनेमे सुमारच होते. पण दार करकरलं की मागच्या बाकावरून कुणीतरी पात्राला ओरडून सांगायचं, "जाऊ नको आत!" ते साधारणीकरण होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण एकटेपण नक्कीच नव्हतं.

आणि इथेच माझ्या विद्यार्थ्याच्या शंकेचं निम्मं उत्तर आहे. जो माणूस भुताला खरंच भितो, त्याला भयपटाचा रस मिळत नाही. त्याची भीती लौकिक आहे. त्याला ती 'माझी' आहे. तो डोळे मिटेल, उठून जाईल, घरी येऊन दारावर लिंबू-मिरची बांधेल. रस घेण्यासाठी ती पकड सुटावी लागते. तेव्हा भुतावर विश्वास नसणं ही भयपट बघण्याची आडकाठी नाही. मी तर म्हणेन ती पात्रता आहे.

रसात येणारी विघ्नंही अभिनवगुप्तानं मोजली आहेत, सात. सगळी सांगत नाही. एक असं, की दाखवलेली गोष्ट संभवनीयच वाटत नाही. भयपटातली माणसं मूर्खासारखी तळघरात उतरू लागली की हे विघ्न येतं. दुसरं असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो. महोत्सवात दिवसाला चार-चार सिनेमे बघणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. तिसऱ्या सिनेमापर्यंत पोटात कावळे ओरडत असतात, पुढच्या रांगेची काळजी लागलेली असते. अशा वेळी पडद्यावरचं पिशाच्चसुद्धा आपल्याला वडापावच्या आड येणारं वाटतं.

आता दोन चित्रपट. दोन्ही नवे म्हणता येतील असे, दोन्ही आपल्या मातीतले.

पहिला 'तुंबाड'. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, आजी, लोभ, सगळं मराठी. राही अनिल बर्वे हे त्याचे दिग्दर्शक. लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. बीज नारायण धारपांच्या कथेचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण करून देणारं. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा या चित्रपटानं उघडला. भारतीय चित्रपटाला तो मान पहिल्यांदा मिळाला. ऑक्टोबरमध्ये तो आपल्याकडे लागला तेव्हा फारसा चालला नाही. आणि गंमत बघा, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. सहा वर्षांत सिनेमा बदलला नव्हता, तोंडी कीर्ती पसरली होती.

गोष्ट १९१८ मध्ये सुरू होते आणि १९४७ पर्यंत येते. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला आपल्या गर्भात लपवला. आता तो तिथे उपाशी आहे. विनायक नावाचा माणूस कणकेची बाहुली घेऊन त्या गर्भात उतरतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवतो. मुलाला, पांडुरंगाला, हेच शिकवतो.

यात भीती कुठून येते? पहिल्यांदा किळसेतून. ती साखळदंडात बांधलेली म्हातारी आजी, विहिरीच्या तळाशी धडधडणाऱ्या मांसाच्या भिंती. भरत म्हणतो की मूळ रस चार, आणि त्यांपासून बाकीचे चार. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत. आणि भयानक? तो बीभत्सापासून. १९९० मध्ये नोएल कॅरोल या अमेरिकी तत्त्वज्ञानं भयपटांच्या तत्त्वज्ञानावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्याचा मुख्य मुद्दा हाच: भयपटातला राक्षस नुसता धोकादायक असून भागत नाही, तो ओंगळही असावा लागतो. भीती आणि किळस यांचं मिश्रण. वाचून मी वहीच्या समासात लिहिलं, 'हे तर भरताचं.' असो. आपल्या लोकांना सगळं आधीच माहीत होतं असं म्हणायची मला सवय नाही, पण इथे मोह आवरला नाही.

पण 'तुंबाड'चं भय किळसेवर थांबत नाही. शेवटी तुम्ही हस्तराला भीत नाही. तो तर बिचारा उपाशी आहे. तुम्ही भिता विनायकाला, कारण त्याला किती पुरे हे कळत नाही, आणि ते त्यानं पोराला वारशानं दिलंय. हे अपराधाचं भय. आणि १९४७ हे साल तिथे उगाच आलेलं नाही. देश स्वतंत्र होतोय आणि घराघरात पोरं बापाचा हिशेब शिकताहेत.

दुसरा चित्रपट 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा, जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला. पुढे याच दिग्दर्शकानं त्याचा हिंदी अवतार 'छोरी' केला, २०२१ मध्ये. 'तुंबाड'इतका देखणा नाही. पण आपल्यासाठी, सोलापूरकरांसाठी, मी त्याला वरचा पाट देतो.

नेहा आणि तिचा नवरा. ती आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्यामागे पैसे वसूल करणारे लागलेत म्हणून ते शहर सोडून ड्रायव्हरच्या ओळखीच्या खेड्यात लपायला येतात. चहूकडे ऊस, मध्ये एकच घर. तिथे तुळसाबाई, उषा नाईक यांनी उभी केलेली. आणि उसातून दिसणारी, लपणारी मुलं. बाकीचं सांगत नाही, पाहिला नसेल त्यानं पाहावा. एवढंच सांगतो की उलगडा मुलगी नको असण्यापाशी येतो, आणि तोपर्यंत भुतांबद्दलची तुमची भीती जिवंत माणसांकडे वळलेली असते.

इतरत्र भयपट जंगलात घडतो, पडक्या हवेलीत घडतो, बर्फात अडकलेल्या हॉटेलात घडतो. इथे तो उसात घडतो. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. माळशिरस, पंढरपूर, करमाळा, कुठेही जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस. आपण त्याच्याकडे पीक म्हणून बघतो, टनेज म्हणून, बिल कधी निघणार म्हणून. फुरियांनी कॅमेरा त्यात घातला आणि दाखवलं की दोन पावलं आत गेलं की माणूस दिसत नाही, आवाज कुठून येतो ते कळत नाही. एकदा हे पाहिल्यावर ऊस पूर्वीसारखा दिसत नाही. मला तरी दिसत नाही.

आणि उसात खरोखर काय लपलेलं आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्याच बीडमध्ये ८९४ होत्या. हा फरक निसर्गानं केलेला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. कायदा होता आणि आकडा घसरत होता. याच बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. त्यांतल्या बायकांच्या गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली असेल. का? पाळी आली की कामावर खाडा, खाडा झाला की दंड.

जरा थांबून बघा. 'तुंबाड' देवीच्या गर्भात घडतो. 'लपाछपी' एका गरोदर बाईभोवती घडतो. दोन दिग्दर्शक, एकमेकांशी संबंध नाही, आणि आपल्या काळातले आपल्या मातीतले दोन चांगले भयपट दोघांनी गर्भाशयी आणून ठेवले. मला हा योगायोग वाटत नाही. जिथे अपराध आहे तिथे भय जाऊन बसतं.

तसं पाहिलं तर आपली जुनी भुतंसुद्धा अशीच आहेत. हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा कोण? मुंज झाली आणि लग्नाआधीच मेलेला पोरगा. समंध कोण? ज्याच्यामागे पिंड द्यायला कुणी नाही तो. ज्यांचं काहीतरी राहून गेलं, ज्यांचं आपण काही देणं लागत होतो, त्यांची ही यादी आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना हे सारखं जाणवतं. भूत येतं ते बहुधा वसुलीला. बाळंतिणीला दवाखाना मिळाला नाही हे म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून 'पिंपळावर हडळ आहे' असं म्हटलं गेलं.

आणि इथून मी दुसऱ्या प्रश्नावर येतो. भयपट अंधश्रद्धा वाढवतो का? वाढवू शकतो. मी हे झटकून टाकणार नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाच्या रक्तानंतर झालेला कायदा आहे तो. त्या राज्यात बसून 'कलेला सगळं माफ' असं मी म्हणणार नाही.

पण प्रश्न भूत दाखवलं की नाही हा नसतो. भूत कुणाला केलंय, हा असतो. एखादी विधवा, एखादी मूल नसलेली बाई, गावाबाहेर राहणारी म्हातारी, जिला खऱ्या आयुष्यातच लोक चेटकीण म्हणतात, तिलाच पडद्यावर चेटकीण करून शेवटी जाळायची आणि सभागृहानं टाळ्या वाजवायच्या: हा सिनेमा मारहाण करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मग त्यात छायाचित्रण कितीही सुंदर असो, महोत्सवात निवडला गेलेला असो. असे लघुपट मी पाहिलेत. तरुण मुलं भाबडेपणानं करतात, त्यांना वाटतं आपण लोककथा दाखवतोय. दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं असतात तेव्हा मी हात वर करतो आणि एवढंच विचारतो, "या बाईला गावानं काय केलं होतं, ते तुमच्या गोष्टीत कुठे आहे?" बहुतेकांना हा प्रश्न आधी पडलेला नसतो. एकदोघांनी नंतर बाहेर चहाच्या टपरीवर येऊन बराच वेळ वाद घातला, ते मला आवडलं.

वित्रासाच्या भयाला बळी लागत नाही, ते निर्दोष असतं. अपराधाचं भय दुधारी आहे. ते अपराध्याकडे बोट दाखवू शकतं, किंवा ज्याच्यावर अपराध झाला त्यालाच राक्षस करू शकतं. भरतानं भय बायकांच्या खात्यावर टाकलं होतं. 'लपाछपी'त भ्यालेली बाईच आहे, पण ज्याचं तिला भय आहे ते कर्म सगळ्या घरानं केलेलं आहे. तुळसाबाईसुद्धा त्यात आहे, आणि तीही बाईच, म्हणून हा हिशेब सोपा होत नाही.

वेळ होत आला. दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत, ते घेतो.

एकानं विचारलंय, 'सैराट' हा भयपट म्हणता येईल का? करमाळ्याचा सिनेमा, तेव्हा प्रश्न येणारच होता. शेवटी ते लहान मूल रक्तात पाय भिजवून बाहेर येतं, आवाज सगळा बंद. तो क्षण भयानकाचा आहे की करुणाचा? माझं मत, करुणाचा. कारण भयात पुढे काय होणार ही टांगणी असते, आणि तिथे सगळं होऊन गेलेलं असतं. पण त्याआधीची मिनिटं पुन्हा पाहा. माहेरची माणसं आलीत, बरोबर भेटवस्तू आहेत, चहा होतोय. पहिल्यांदा बघताना काही वाटत नाही. दुसऱ्यांदा बघताना तो चहा सहन होत नाही. ते भयानक आहे, आणि शुद्ध अपराधाचं आहे.

दुसरी चिठ्ठी एका शिक्षिकेची आहे. त्यांच्या महाविद्यालयात छोटा महोत्सव करायचाय, भयपटांचा एक दिवस ठेवू का, आणि काय दाखवू. जरूर ठेवा. सकाळी पाच-सहा लघुपट दाखवा, मुलांना हसू द्या, किंचाळू द्या. सगळ्यांत आधी 'लाइट्स आउट', म्हणजे तीन मिनिटांत काय करता येतं ते कळेल आणि दुपारपर्यंत चार जण मोबाईल घेऊन वसतिगृहाच्या जिन्यात शूटिंग करायला लागतील. जेवणानंतर 'तुंबाड', पण जेवण हलकं ठेवा. 'लपाछपी' मात्र संध्याकाळी आणि शक्य असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात, गाळप सुरू असताना. मुलं निम्मी खेड्यांतून एसटीनं येणारी असतील. परतीची गाडी उसातूनच जाते. आणि प्राचार्यांना सांगून शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा, कारण सिनेमा संपल्यावर चर्चा लांबते.